‘बा’ म्हणजे बाबा की आजी? व्हिएतनामी बाळ बोलायला लागतं तेव्हा

दक्षिण व्हिएतनाममध्ये बाळ महिन्याचं झालं की घरात पूजा मांडतात. बाळाला पोटात घडवणाऱ्या बारा देवी असतात, म्हणून नैवेद्याच्या गोड खिरीच्याही बारा वाट्या. या देवींना ‘बा मू’ म्हणतात, म्हणजे सुईण-आजी. बाळाला हसायला, बोलायला शिकवणं हेही त्यांचंच काम. बाळ झोपेत हसलं की तिकडच्या आज्या म्हणतात, मू शिकवतेय. आपल्या आज्या म्हणतात, सटवाई हसवतेय. पूजा झाली की घरातलं एखादं वडीलधारं माणूस बाळाला जवळ घेतं, हातातलं फूल त्याच्या ओठांवरून हळूच फिरवतं आणि आशीर्वाद देतं. तोंड उघडशील तेव्हा त्यातून फुलं पडू देत, तोंड उघडशील तेव्हा लोकांची माया मिळू दे. पहिला शब्द यायला अजून निदान दहा महिने असतात, पण तयारी इथूनच सुरू होते.

मूल बोलायला कसं लागतं हे समजून घ्यायला व्हिएतनामी ही फार छान भाषा आहे. कारण आपण ज्याला ‘शब्द शिकवणं’ म्हणतो, चित्र दाखवायचं आणि ‘हा काय? बॉल!’ म्हणायचं, ते तिथे दुय्यम ठरतं. तिथलं मूल आधी सूर पकडतं, मग समोरचा माणूस आपला कोण लागतो ते शिकतं. वस्तूंची नावं येतात मागाहून, ती चुकली तरी कुणाचं बिघडत नाही.

आधी सुराचं. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला ठरावीक सूर असतो. उत्तरेकडे असे सहा सूर आहेत. दक्षिणेकडे त्यातले दोन एकमेकांत मिसळून गेले, म्हणून पाच. हे ऐकलं की मराठी माणूस घाबरतो, पण आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही. ‘हं’ घ्या. फोनवर समोरचा बोलत असतो तेव्हा आपला ‘हं’ सपाट असतो. नीट ऐकू आलं नाही की ‘हं?’ वर चढतो. एकदाचं डोक्यात शिरलं की ‘हंऽऽ’ खाली उतरतो. आणि ‘अंहं’ म्हटलं की चक्क नकार. आपण हे कुठे शिकलो? कुणीच शिकवलं नाही. मराठीत हा खेळ दोन-चार उद्गारांपुरता आहे, व्हिएतनामीत तो सगळ्या भाषेभर आहे.

आता ‘बा’ घ्या. (देवनागरीत सूर दाखवायची सोय नाही, तेव्हा पुढचे सगळे उच्चार कामचलाऊ समजावेत.) सपाट, थोड्या वरच्या पट्टीत म्हटला तर तीन हा आकडा, आणि दक्षिणेत बाबासुद्धा. दमून खुर्चीत बसताना आवाज खाली सोडतो तसा सोडला तर आजी. घसा मधेच अडवून वर नेला तर चोथा, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरतो तो. खाली नेऊन मुरडला तर उंदरांना घालतात ते विष. वर चढवला तर काही भागांत थोरली मावशी. सहावा, खाली आपटून तिथेच तोडलेला, ‘वाट्टेल तिथे, वाट्टेल तसं’ अशा अर्थाच्या शब्दांत येतो. आणि सपाट सुरात दोनदा म्हटला, ‘बा बा’, तर पाण्यातलं मऊ पाठीचं कासव.

मराठी माणसाची पंचाईत अशी की कुणाला हाक मारताना तो शेवट वर उचलतो. ‘आजीऽऽ!’ हीच सवय घेऊन व्हिएतनामी आजीला हाक मारली की आजीची थोरली मावशी होते. मी हे केलेलं आहे. आजी हसल्या, त्यांच्या पायाशी खेळणाऱ्या नातवाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की तो प्रसंग अजून विसरत नाही.

त्या नातवाला हे कसं जमतं? बाळ पोटात असतानाच आईच्या आवाजाचे चढउतार ऐकत असतं. व्यंजनं पोटाच्या भिंतीतून धूसर होतात, चाल मात्र पोचते. जन्मल्यावर काही महिने जगातलं कुठलंही बाळ सुरांमधला फरक ओळखू शकतं, मग ते पुण्यात जन्मलेलं असो की हनोईत. पुढे घरातली भाषा ठरवते की हा कान ठेवायचा की सोडून द्यायचा. घरात फक्त इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांवर प्रयोग झाले, तेव्हा सहाव्या महिन्यात त्यांना सूर वेगळे ऐकू येत होते, नवव्या महिन्यापर्यंत ते धारदार कान बोथट व्हायला लागले होते. सूर असलेल्या भाषांमधली मुलं मात्र सूर लवकर पक्के करतात. चिनी मुलांच्या अभ्यासात हे पुन्हापुन्हा दिसलं आहे की व्यंजनं बोबडी असतात तेव्हाच सूर बरोबर असतात. म्हणजे मूल ‘त’ला ‘ट’ म्हणेल, पण चाल चुकवणार नाही. मोठ्या माणसाचं नेमकं उलटं होतं. तो व्यंजनं घोटून आणतो आणि सुरात आपटतो.

बाळाच्या तोंडून आधी ‘बा’, ‘मा’, ‘पा’ का येतं याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी फार पूर्वी दिलं. ओठ मिटायचे आणि उघडायचे, यापेक्षा सोपी हालचाल तोंडाला नाही. त्यामुळे जगभर आईबापांची नावं याच अक्षरांतून घडली. व्हिएतनाममध्ये त्यातून गंमत होते. आठ-नऊ महिन्यांचं बाळ ‘बाबाबाबा’ सुरू करतं. दक्षिणेतला बाप मोबाइल काढून चित्रण करायला धावतो. तेवढ्यात सूर जरासा खाली घसरतो आणि आजी म्हणते, मला हाक मारली, तुला नाही. बाळाला यातलं काहीच अभिप्रेत नसतं. पण आजी लगेच पुढे येते, त्याला उचलते आणि तोच उतरता ‘बा’ त्याच्या तोंडासमोर दहा वेळा म्हणते. इथे शिकवणं घडतं. बाळाने सहज टाकलेल्या आवाजावर घरातल्या एका माणसाने हक्क सांगितला, आणि त्या आवाजाला अर्थ चिकटला. उत्तरेत बापाला ‘बो’ म्हणतात, वर चढणाऱ्या सुरात, आणि आईला ‘मॅ’, खाली तोडलेल्या सुरात. दक्षिणेत आई ‘मा’, वर चढणारी.

बाळांची खास भाषा तिथेही आहे आणि ती वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. खाऊ म्हणजे ‘मम मम’. दूध म्हणजे ‘ती’. ‘बे’ म्हणजे उचलून घे, हात वर करून. ‘दी चोइ’ म्हणजे फिरायला, खेळायला जायचं. त्याला आपला ‘भूर’ हा शब्द चपखल बसतो, कारण दोन्हीकडे तो ऐकताच बाळ चपला शोधायला लागतं. बाळाला शू करवताना तिथली आई ‘शीऽऽ’ असा बारीक आवाज काढते, आपण ‘शूऽऽ’ काढतो. कुत्रा ‘गौ गौ’ करतो, कोंबडा ‘ऑ ऑ ओ’, आणि मांजराचं तर नावच ‘मेऑ’. बोबड्या बोलण्यालाही त्यांच्याकडे दोन गोड शब्द आहेत, ‘बप बॅ’ आणि ‘बी बो’. म्हणून बघा, तोंडात बाळाचंच बोलणं येतं.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते हीच खरी. व्हिएतनामी घरात ‘मी’ आणि ‘तू’ जवळजवळ वापरतच नाहीत. ‘मी’ या अर्थाचे शब्द भाषेत आहेत, पण घरातल्या माणसाशी बोलताना ते कोरडे किंवा उर्मट वाटतात. आई बाळाला म्हणते, ‘मॅ येउ कॉन’. शब्दशः, आईचं लेकरावर प्रेम. बाळाला भूक लागली की ते म्हणतं, ‘कॉन अन’, लेकरू खातं. ‘कॉन’ म्हणजे लेकरू, आणि आईशी बोलताना तोच ‘मी’ही. आईसाठी तोच ‘तू’. क्रियापद बदलत नाही, लिंग नाही, वचन नाही. मराठी पोराला ‘मी खातो’ की ‘मी खाते’ हे कळायला वर्ष जातं. आई म्हणते म्हणून मुलगाही ‘मी जाते’ म्हणतो आणि घर हसतं. व्हिएतनामी पोराची त्यातून सुटका आहे. त्याच्या वाट्याला वेगळंच ओझं येतं.

ते ओझं असं. आईबापांशी बोलताना मी ‘कॉन’. उत्तरेत आजीआजोबांशी, काकामामांशी बोलताना मी ‘चउ’, म्हणजे नातवंड किंवा पुतणं-भाचरं. (दक्षिणेत सगळ्या मोठ्यांपुढे ‘कॉन’च चालतं.) थोरल्या भावाबहिणीशी बोलताना मी ‘एम’, धाकटं. आणि घरात नवीन बाळ आलं की त्याच्यापुढे मी एकदम ‘आन्य’, दादा, किंवा ‘ची’, ताई. माणूस एकच, ‘मी’ चार. अडीच वर्षांचं मूल गोंधळतं आणि धाकट्या भावापुढेही स्वतःला ‘एम’ म्हणवून घेतं. घरचे दुरुस्त करतात, रागावून नाही, हसून.

नात्यांच्या बारकाव्यात मराठी माणूस इंग्रजांपेक्षा व्हिएतनामींना जवळचा आहे. आपल्यासाठी काका, मामा, आत्या, मावशी हे सगळे एकच ‘अंकल-आंटी’ नाहीत. त्यांच्यासाठीही नाहीत. मामा म्हणजे ‘कउ’, मामी ‘मअ’. काकांचे मात्र दोन भाग. बापापेक्षा थोरला तो ‘बाक’, धाकटा तो ‘चू’. व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांना सगळा देश ‘बाक हो’ म्हणतो, आणि इंग्रजीत त्याचं ‘अंकल हो’ झालं की अर्धा अर्थ गळून पडतो. ते ‘चू’ नाहीत. बापाहून थोरल्या काकांचा मान त्या एका अक्षरात आहे. दोन्ही आज्यांना आपण ‘आजी’च म्हणतो, ते बापाकडची ‘बा नोइ’, आतली आजी, आणि आईकडची ‘बा ङ्वाइ’, बाहेरची आजी, असा फरक करतात. हे ऐकून इथल्या एका आजीबाई म्हणाल्या, “बाहेरची म्हणजे? सांभाळायला मात्र आम्हीच!” तिकडच्याही हेच म्हणत असणार.

आणि हा हिशेब वयावर नाही, घराण्यातल्या पायरीवर चालतो. बापाच्या थोरल्या भावाचं पोर तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलं तरी ते तुमचा दादा. तिकडे म्हणच आहे की रताळ्याएवढा असला तरी हाक पायरीनेच मारायची. लग्नकार्यात चाळिशीतला गृहस्थ शाळकरी पोराला दादा म्हणताना दिसतो तो यामुळे.

मग तान्ह्याला हे सगळं शिकवायचं कसं? शिकवत नाहीत, त्याच्या वतीने बोलतात. हनोईच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी उभं राहा. आई दहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात आहे, समोरून शेजारच्या म्हाताऱ्या बाई भाजी घेऊन येतात. आई मुलीचे दोन्ही हात छातीशी आडवे जुळवते, तिची मान जराशी वाकवते आणि बारीक आवाजात म्हणते, ‘चउ चाव बा आ’. नातवंड आजीला नमस्कार करतंय. बोलली आई, ‘मी’ वापरला मुलीचा. शेवटचा तो तुटक ‘आ’ म्हणजे आदराचं शेपूट, आपल्या ‘जी’सारखं, फक्त वाक्याच्या टोकाला. पुढच्या महिन्यात आई फक्त ‘आ कर’ म्हणते आणि मुलगी आपणहून हात बांधून ‘आ!’ म्हणते. पुष्कळ व्हिएतनामी मुलांच्या सुरुवातीच्या शब्दांत हा ‘आ’ असतो. त्याला वस्तू नाही, चित्र नाही, फ्लॅशकार्डावर तो छापता येत नाही. आपण ‘जेजे कर’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच करतो. बाळाला देव माहीत नसतो, हात जोडण्याची जागा माहीत होते.

एकदा नात्याचं कुलूप उघडलं की मग जग त्यातूनच दिसतं. चंद्र आपला मामा, त्यांचा ‘ओंग’, आजोबा. सूर्यही आजोबा. बालगोष्टीतला ससा, बेडूक ‘चू’, धाकटे काका. बालवाडीच्या बाई ‘को’, म्हणजे आत्या. बेडकाचा भाऊबंद भेक तर आकाशातल्या देवाचा मामा, म्हणून तो दात कराकरा वाजवतो तेव्हा पाऊस येतो. जेवत नाही म्हणून दाखवायचा बागुलबुवासुद्धा ‘ओंग बा बी’ आहे. पोराला पळवून नेणाऱ्यालाही आजोबा म्हणायचं, इतकी शिस्त! आणि बाळाला नजर लागू नये म्हणून टोपणनाव साधंसं ठेवतात, ‘कून’ म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, ‘तोम’ म्हणजे कोळंबी. आपले धोंडू-दगडू त्याच भीतीतून आले.

हे सगळं देशाबाहेर गेल्यावर अवघड होतं. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर लाखो व्हिएतनामी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समध्ये पांगले. चेक प्रजासत्ताकातही समाजवादी काळापासून मोठी वस्ती आहे. तिथे आईबाप दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत, म्हणून कित्येकांनी मुलांना सांभाळायला चेक आज्या ठेवल्या. मुलं चेक सुरेख बोलू लागली, आईशी बोलताना मात्र अडखळू लागली. कॅलिफोर्नियातल्या घरांत तक्रार थोडी वेगळी. मुलाला व्हिएतनामी कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. यात आळसापेक्षा संकोच जास्त असावा असं मला वाटतं. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. व्हिएतनामीत समोरचा आपला कोण, हे ठरवल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही, आणि चुकलं तर पाहुण्यांसमोर शोभा. अमेरिकेत एडिसन किंवा सनीव्हेलमधली मराठी मुलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’मध्ये अडकून गप्प बसतात, ते पाहिलेल्या आईबापांना हे सांगायला नको.

अशा आईबापांना काही उपयोगी पडेल ते सांगतो. पहिली गोष्ट, टीव्ही आणि तयार व्हिडिओ यांच्यावर भिस्त ठेवू नये. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर खरं माणूस बसून खेळत, वाचत होतं, काहींना त्याच माणसांचं चित्रण दाखवलं. बारा बैठका झाल्यावर पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखू येत होते, दुसऱ्या गटाला ढिम्म काही नाही. पुढे दोन-अडीच वर्षांच्या मुलांबाबत हेही दिसलं की समोरचा माणूस पडद्यावर असला तरी त्याच क्षणी उत्तर देत असेल तर मुलं शब्द शिकतात. म्हणजे दक्षिणेतल्या साइगॉनच्या आजीचा व्हिडिओ कॉल चालतो, रंगीत बडबडगाण्यांची यादी पुरत नाही.

दुसरी, शब्दांची यादी रंग, आकडे, फळं अशी करू नये. यादी माणसांची करावी. रोज कॉलवर येणारी आजी, शनिवारी येणारा मामा, शेजारची ताई. प्रत्येकाबरोबर एक हाक आणि एक ‘मी’. मुलाला ‘म्हण’ म्हणून छळण्यापेक्षा त्याच्या वतीने आपण म्हणावं. तिसरी, सूर दुरुस्त करायला जाऊ नये. कान ऐकत असेल तर सूर येतोच. घरात बापाचा उच्चार दक्षिणेचा आणि आईचा उत्तरेचा असेल तरी मूल दोन्ही पेलतं, गोंधळ मोठ्यांचाच होतो. हाताला हात धरून पुढेमागे झुलत करवत चालवायचा एक जुना खेळ तिथल्या बाळांशी खेळतात, त्याच्या बोलांचा ठेका आणि सूर शरीरातच उतरतात. तसे खेळ पाठ्यपुस्तकापेक्षा कामाचे.

लिपीची तर घाईच नको. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात, सुरांच्या खुणा अक्षराच्या वर-खाली देऊन. या लिपीचा एक धागा गोव्यातून जातो. पोर्तुगीज जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी ती घडवली आणि अलेक्सांद्र द रोड या पाद्र्याने १६५१ मध्ये रोममध्ये तिचा कोश छापला. व्हिएतनामला पोचण्याआधी तो गोव्यात राहिला होता. तिथे त्याच्याच पंथाचे लोक मराठी-कोकणी रोमन अक्षरांत लिहीत-छापत होते. व्हिएतनामी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाखरांची किलबिल वाटली, ही आपल्याला येणं नाही असं वाटलं, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मग तिथल्या एका लहान मुलाने त्याला तीन आठवड्यांत सगळे सूर शिकवले. पाद्र्याला मुलाची भाषा येत नव्हती, मुलाला पाद्र्याची नाही. शाळेत आजही अक्षरं फोडून म्हणतात, ‘बअ, आ, बा, हुइएन, बा’, म्हणजे ब आणि आ मिळून बा, त्यावर उतरता सूर, झाली आजी. आपलं ‘ब ला काना बा’ त्याच चालीचं. पण ते सहाव्या वर्षी.

त्याआधीची खरी परीक्षा असते जेवणाच्या वेळी. उत्तरेकडच्या जुन्या वळणाच्या घरात चटईवर मधोमध गोल ताट, भोवती सगळे, आणि सर्वांत धाकट्याने सगळ्यांना ‘मोइ’ केल्याशिवाय घास उचलायचा नाही. मोइ म्हणजे ‘या, घ्या, जेवा’. क्रम वरून खाली. ‘चउ मोइ ओंग, चउ मोइ बा, कॉन मोइ बो, कॉन मोइ मॅ, एम मोइ आन्य.’ आजोबांसमोर नातवंड, बाबांसमोर लेकरू, दादासमोर धाकटं. एका दमात तीन ‘मी’, पाच नाती, सहांपैकी चार सूर, आणि समोर निवत चाललेलं सूप. तीन वर्षांचं मूल हे पूर्ण करतं तेव्हा घर टाळ्या वाजवतं. दोन वर्षांच्याला सवलत आहे, त्याने ‘कॉन मोइ का न्या आ’ म्हटलं तरी चालतं, म्हणजे लेकरू सगळ्या घराला बोलावतंय. साइगॉनकडचे लोक याला हसतात. तिकडे एवढा सोपस्कार नाही, भात वाढला की सरळ जेवायला सुरुवात होते.